पस्तीस पुरुष पाणी

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या आमच्या मराठी मंडळात बोंद्रेकाकांबद्दल दोन नियम होते. संक्रांतीच्या कार्यक्रमात स्पीकर खरखरला की त्यांना बोलवायचं, आणि मे ते ऑक्टोबर त्यांना कशालाच बोलवायचं नाही. ते सहा महिने ते तळ्यावर असायचे. सुधाकर बोंद्रे मूळचे भंडाऱ्याकडचे, तिथल्या तलावांवर मासे धरणाऱ्यांच्या घरातले. डेट्रॉइटला आले ते इंजिनीअर म्हणून, आणि एका मोटार कंपनीत तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. गाडीत कुठून तरी कुरकुर येते, पण कुठून ते कुणालाच सापडत नाही, अशी गाडी त्यांच्याकडे यायची. काका मागच्या सीटवर डोळे मिटून आडवे व्हायचे आणि तासाभराने उठून नेमकी जागा दाखवायचे.

गेल्या मार्चमध्ये ते गेले. मी तोवर नोकरी बदलून चँडलरला आले होते, वाळवंटात. फोन आला तेव्हा मला त्यांचा चेहरा आधी आठवला नाही, त्यांचे हात आठवले. कोपरापासून खाली कायम थंड असायचे ते हात, भर जुलैतसुद्धा.

मला काका आवडायचे, कारण ते सल्ला देत नसत. आमच्याकडे साठी ओलांडलेला प्रत्येक माणूस कुठली गाडी घ्या, कुठल्या फंडात पैसे टाका हे न विचारता सांगतो. काकांनी मला पहिल्या भेटीत एवढंच विचारलं की मी काम काय करते. मी म्हटलं, पार्किंग सेन्सर बनवते. आवाज सोडायचा, तो आदळून परत आला की अंतर मोजायचं.

"अन् परत आलाच नाही तर?" काका म्हणाले.

"मग पुढे काही नाही असं धरायचं."

"असं कसं धरता वो तुम्ही?" असं म्हणून ते उठून गेले. मला वाटलं, म्हातारा विक्षिप्त दिसतो. पण त्याच उन्हाळ्यात त्यांनी आपणहून मला आणि माझ्या नवऱ्याला तळ्यावर बोलावलं.

त्या तळ्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नोव्हायहून उत्तरेला निघायचं, मोठा पूल ओलांडायचा, मग झाडंच झाडं. दहा तासांनी डांबरी रस्ता संपतो आणि फोनची रेंज त्याच्याही आधी संपते. तळं लांबट आणि अरुंद आहे, उत्तर-दक्षिण पसरलेलं. हजारो वर्षांपूर्वी हिमनदीने इथला खडक खरवडत नेला आणि जाताना खड्डा ठेवून गेली, असं काका सांगायचे. पूर्वेला गोटे, बर्चची झाडं, गुडघाभर पाणी. पश्चिमेला ग्रॅनाइटची भिंत सरळ पाण्यात उतरलेली, आणि ती खाली किती जाते ते वरून कळत नाही. पाणी इतकं स्वच्छ की पाच-सहा पुरुष खालचा दगड दिसतो. त्याच्याखाली मात्र काळं.

काका खोली पुरुषातच मोजायचे. एक पुरुष म्हणजे माणसाची उंची, आपल्याकडे विहिरीचं पाणी मोजायचे तशी. त्यांच्याकडे एक दोरी होती, दर पुरुषाला रंगीत दोरा बांधलेली, आणि टोकाला शिशाचं वजन. वजनाच्या बुडाला खळगा होता. त्यात ते मेण आणि तूप एकत्र मळून भरायचे, म्हणजे तळाशी जे असेल ते त्याला चिकटून वर येतं.

पहिल्या सकाळी धुकं होतं. आम्ही होडीत बसलो, काकांनी मोटार बंद केली आणि दोरी सोडली. दोरी जात राहिली. लाल दोरा, पिवळा, हिरवा, परत लाल. कुठेतरी लून पक्षी ओरडला. तो आवाज पक्ष्याचा आहे हे माहीत असूनही अंगावर काटा येतो. शेवटी दोरी सैल पडली.

"पस्तीस पुरुष," काका म्हणाले. "खाली वर्षभर चार डिग्री. उन्हाळा नाही, हिवाळा नाही. तिथे काही कुजत नाही, काही वर येत नाही. शंभर वर्षांपूर्वी लाकूडतोड्यांनी सोडलेले ओंडके आहेत, अजून सालीसकट."

"मग मासे तिथे कशाला राहतात?" नवऱ्याने विचारलं.

"लेक ट्राउट. त्याला थंडच लागतं. वर उन्हाळा आला की तो खाली जातो."

मग त्यांनी दोरी वर ओढली, खिशातून भिंग काढलं आणि मेणाला चिकटलेली राखाडी माती बघत बसले. इतका वेळ की आम्हाला अवघडल्यासारखं झालं. कुठे कसला तळ आहे यावरून मासे कुठे बसतात ते शोधत असतील, असं मी समजले. काठावरच्या त्यांच्या केबिनच्या भिंतीवर आलेखाचे कागद एकमेकांना जोडून लावलेले होते. पूर्ण तळ्याचा नकाशा, बोटाच्या पेराएवढे चौकोन, प्रत्येकात खोलीचा आकडा आणि एक अक्षर, मातीला 'मा', वाळूला 'वा'. पश्चिमेचे बरेच चौकोन अजून कोरे होते. एवढी शिस्त बघून मी मनातल्या मनात हात जोडले.

जेवणाला मासे होते, पण पर्च. काठाच्या उथळ पाण्यातले, हाताच्या पंजाएवढे. काकांनी वर तिखट-मीठ लावून असे तळले होते की मी पाच खाल्ले. ट्राउट मात्र त्या घरात कधी शिजला नाही. काका तो धरायचे, जिवंत असला तर सोडायचे, आणि गळ फार खोल रुतून मेलाच तर बर्चखाली पुरायचे. त्यांची मुलगी श्रूजबरीला डॉक्टर आहे, ती फोनवर वैतागायची, "डॅड, यू डोन्ट इव्हन ईट देम! व्हॉट आर यू डूइंग देअर?" काका तिला म्हणायचे, "हवा चांगली आहे."

दुसऱ्या वर्षी मी एकटीच गेले. त्या खेपेला एक मोठा ट्राउट मेला, लांबीला माझ्या हाताएवढा. काकांनी त्याचं डोकं चिरलं आणि आतून दोन छोटे पांढरे खडे काढले. माशाच्या कानात असा खडा असतो, त्यात झाडाच्या खोडासारखी दर वर्षाला एक रेघ वाढते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. काकांनी खडा मधोमध मोडला, मेणबत्तीवर धरून करपवला आणि भिंगाखाली रेघा मोजल्या. ओठ हलत होते. मग परत मोजल्या.

"चौतीस," ते म्हणाले. "हा होता तेव्हा."

"तेव्हा म्हणजे?"

"दोन वर्षांचा असेल. लहान होता. पण होता." ते हात धुवायला बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. खिडकीतल्या बाटलीत तसे अजून खडे होते. मी बाटली हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली.

नोव्हायला परतल्यावर मी चौकशी केली. चौकशी कसली, एका हळदीकुंकवात विषय काढला आणि सगळं कळलं. बत्तीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात बोंद्रेकाका आणि त्यांचा जिवलग मित्र श्रीकांत भाड्याची कॅनो, वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन त्या तळ्यात मासे धरायला गेले होते. बर्फ नुकताच वितळला होता. कॅनो उलटली. काका काठाला लागले, श्रीकांत सापडला नाही. काकांनी त्याला बुडताना पाहिलं नव्हतं. धुकं होतं, एकदम दिसेनासा झाला. श्रीकांतची बायको, शालिनीकाकू, तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या.

शालिनीकाकूंना मी ओळखत होतेच, सगळं नोव्हाय ओळखायचं. त्यांच्याबरोबरची माणसं मोठ्या घरांत गेली, मुलांच्या गावी गेली. काकू त्याच जुन्या दोन खोल्यांच्या घरात राहिल्या. भिंतीवरचा वायरचा फोन तोच, नंबर तोच. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. माणूस बारा वर्षं सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे विधी करतात; सासरच्यांनी तसं सुचवलं तेव्हा काकूंनी त्यांना घराबाहेर काढलं होतं म्हणे. लग्नाचं विचारणाराही एक चांगला माणूस आला होता. त्याला म्हणाल्या, माझं लग्न झालंय.

मी एकदा त्यांच्याकडे लिंबाचं लोणचं आणायला गेले होते. काकू बरणी पुसता पुसता सहज म्हणाल्या, "तुला एक सांगू? कुणाला बोलू नकोस, वेड लागलंय म्हणतील. दर वर्षी मे महिन्यात एकदा फोन येतो. मी हॅलो म्हणते. पलीकडून कुणी बोलत नाही, पण श्वास ऐकू येतो. मागे पाण्याचा आवाज असतो. मग ठेवून देतात."

"राँग नंबर असेल, काकू."

"दर वर्षी? त्याच तारखेला?" त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. "शेरीफचा कागद आहे माझ्या कपाटात, अपर्णा. मृत्यूचा दाखला आहे. बुडाला असं लिहिलंय त्यात. पण सुधाकर भाऊजी तिथे होते आणि ते म्हणतात, बुडताना बघितलं नाही. आणि फोन येतो. मग मी कागदाचं कशाला ऐकू?"

गाडीत बसल्यावर मी दारं लॉक केली. दुपारचे तीन वाजले होते.

तिसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, मी शहाणपणा केला. काका सत्तरीच्या पुढे गेले होते, दोरी ओढताना धाप लागायची. मी त्यांच्या होडीला मासे शोधायचा सोनार बसवला, पाण्यात आवाज सोडून दोन्ही बाजूंचा तळ चित्रासारखा दाखवणारा. काकांनी नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. आम्ही पश्चिमेच्या भिंतीलगत, कोऱ्या चौकोनांवरून हळूहळू गेलो. पडद्यावर तळ सरकत होता. चिकणमाती, हिमनदीने टाकलेले दगड, आडवे ओंडके. मग एक आकार आला. ओंडक्यापेक्षा आखूड. एका टोकाला किंचित वाकलेला, आणि त्याच्या बाजूला सावली.

मी म्हटलं, "ओंडका असेल."

काकांनी डोक्यावरची टोपी काढून पडद्यावर ठेवली. मोटार बंद केली. होडी आपोआप जराशी फिरली आणि थांबली.

"जागा मार्क करू का? शेरीफकडे पाण्याखाली सोडायचा कॅमेरा असतो," मी म्हणाले.

"नको." काकांनी टोपीवर हात दाबून धरला. "मी बघितलं होतं, अपर्णा."

"काय बघितलं होतं?"

"त्याला जाताना."

मग ते बोलले, माझ्याकडे न बघता. कॅनो उलटल्यावर दोघं तिला धरून होते. दहा मिनिटं असतील. काकांनी श्रीकांतचं मनगट धरलं होतं, पण थंडीने बोटांना काही कळत नव्हतं, हात कधी सुटला ते कळलंच नाही. श्रीकांतने पांढरा स्वेटर घातला होता. पाणी स्वच्छ, वर ऊन आलेलं. तो खाली जाताना दिसत राहिला, डोळे उघडे, वर बघत. बराच वेळ दिसत राहिला.

"शेरीफला मी खरंच सांगितलं. इंग्रजीत. वहिनींना फोन लावला अन् तोंडून निघालं, 'सापडत नाहीये, शोधतायत.' आपल्याकडे एकदम सांगत नाहीत ना बापा. सीरियस आहे म्हणायचं, निघून या म्हणायचं, मग घरी आल्यावर हळूच सांगायचं. मी म्हटलं, उद्या समोर बसून सांगू. दुसऱ्या दिवशी मंडळातले चार मोठे म्हणाले, त्याची आई भारतातून येऊ दे, मग सांगा. आई आली. माझे हात धरून म्हणाली, तू बघितलं नाहीस ना रे? मी म्हटलं, नाही." काकांनी टोपी उचलून परत डोक्यावर घातली. "मग ते तसंच राहिलं. एक बूट सापडला असता, घड्याळ सापडलं असतं, तर मी वहिनींच्या हातावर ठेवलं असतं. मला बोलावं लागलं नसतं."

मला राग आला. इतका की होडीत उभी राहिले असते. मी काकूंना दिलेला शब्द मोडला आणि ओरडले, "दर मे महिन्यात त्यांना एक फोन येतो, माहितीये तुम्हाला? कुणी बोलत नाही. त्यांना वाटतं, श्रीकांतकाका करतात!"

काकांचा चेहरा पांढरा पडला. मी कुणाचा चेहरा तसा होताना त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

"तो मी करतो," ते म्हणाले. "तळ्याच्या खालच्या टोकाला दुकान आहे, तिथल्या फोनवरून. सांगायचं ठरवून करतो. त्या हॅलो म्हणतात अन् माझ्याच्यानं होत नाही."

खाली पस्तीस पुरुष पाणी आणि वर आम्ही दोघं. सोनार चालूच होता, टिक टिक करत. मी तो बंद केला. त्या आकाराची जागा मी लिहून घेतली नाही, आणि ते नक्की काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी मी शालिनीकाकूंना गाडीत घालून दहा तास उत्तरेला नेलं. भाऊजींना तुमच्याशी बोलायचंय, एवढंच मी सांगितलं होतं. तेहेतीस वर्षांत त्या तिकडे एकदाही गेल्या नव्हत्या. तळ्याचं पहिलं पाणी झाडांमधून दिसलं तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर घेतला, देवळात शिरताना घेतात तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं होडीत गेलो. धुकं नव्हतं, वारा नव्हता. भिंतीजवळ काकांनी मोटार बंद केली आणि सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याच क्रमाने. मनगट, स्वेटर, डोळे. फोनचंही सांगितलं.

काकू ऐकत होत्या. फोनपाशी त्यांनी हात वर केला आणि काका थांबले.

"तो श्वास तुमचा होता?"

"हो, वहिनी."

"तेहेतीस वर्षं?"

"पहिलं वर्ष सोडून."

"मी दर मे महिन्यात त्या दिवशी नवी साडी नेसायचे, भाऊजी." काकू अजिबात रडल्या नाहीत. "दाराला आतून कडी लावली नाही मी कधी. माझं अख्खं आयुष्य तुम्ही ठरवलंत. तुम्हाला बोलायची लाज वाटली म्हणून." मग त्या होडीच्या कडेवरून वाकल्या आणि खाली बघू लागल्या. मला भीती वाटली, मी त्यांचा पदर घट्ट धरून ठेवला. पाण्यात त्यांचाच चेहरा दिसत असणार. "एकतीसचा होता," त्या म्हणाल्या. "खाली अजून एकतीसचाच असेल ना? मला ओळखेल का हो तो?"

काकांनी मोटार चालू केली आणि होडी काठाकडे वळवली.

डॉकवर उतरल्यावर काकू मला म्हणाल्या, "आंघोळ राहिलीय माझी. डोक्यावरून. गरम पाणी असेल ना आत?" आणि काकांकडे न बघता, "तुम्ही इथेच करा."

मी म्हटलं, काकू, पाणी बर्फासारखं आहे, त्यांचं वय त्र्याहत्तर आहे. काकांनी मला हातानेच गप्प केलं. त्यांनी बूट काढले, शर्ट काढून नीट घडी केली. "या दिवसांत तळं उलटतं," ते मला हळूच म्हणाले. "वरचं पाणी थंड होऊन जड होतं अन् खाली जातं. खालचं वर येतं. हे आजचं पाणी तिथलं आहे." मग ते गोट्यांवरून चालत आत गेले. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या पाण्यात पाऊल टाकताना पाहिलं नव्हतं.

कंबरभर गेले, छातीभर गेले. मग त्यांनी डोकं खाली घातलं.

पाणी त्यांच्यावर मिटलं. दोन-तीन वर्तुळं उठली, काठापर्यंत आली आणि संपली. तळं सपाट झालं. मी मनात आकडे मोजत होते. वीसच्या पुढे गेल्यावर मी बूट न काढताच पाण्यात शिरले. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड धरला. काकू होत्या, केस ओले, खांद्यावर टॉवेल, कपाळ कोरं.

त्यांनी तळ्याकडे बघून मोठ्याने सांगितलं, एखाद्याला घरी येऊन बातमी सांगावी तशा आवाजात, "श्रीकांत गेला, भाऊजी. श्रीकांत गेला. आता बाहेर या."

पाण्याखाली ते ऐकू जाणं शक्य नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? पण त्याच क्षणी काका वर आले. डोळे सताड उघडे होते. ते तसेच उभे राहिले, छातीभर पाण्यात, आणि लहान मुलासारखं मोठ्याने रडायला लागले. मग एकेक पाऊल टाकत, दोन्ही हात पुढे धरून, ते काठाकडे यायला निघाले.